डाव्या बाजूचा पोचा

गिरिधररावांची गाडी पाहायला आलेलं हे तिसरं गिऱ्हाईक. आधीचे दोघे चहा पिऊन गेले ते परत फिरकलेच नाहीत, आणि का फिरकले नाहीत हे रजनीकाकूंना पक्कं ठाऊक होतं. नवऱ्याला गाडी विकायचीच नव्हती. पुण्याचा मुलगा, मुकुल, फोनवर मागे लागे आणि घरात बायको मागे लागे, म्हणून त्यांनी हो म्हटलं होतं. पण भाव असा धरून बसायचे की समोरच्यानं आपणहून उठावं.

गिरिधरराव रस्त्यांच्या खात्यातून निवृत्त झालेले. हाताशी पैसे आल्यावर त्यांनी ही पांढरी वॅगनआर घेतली आणि परतूरहून जालना, अंबड, परभणी असा सगळा मुलूख बायकोला शेजारी बसवून पुन्हा पाहिला. मग डाव्या डोळ्यात काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येत नसते, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. "उजवा शाबूत आहे ना!" असं म्हणून ते गाडी चालवतच राहिले.

आज आला होता तो संघपाल, वाटूरच्या शाळेतला शिक्षक. सोबत बायको प्रिया. ती जालन्याच्या दवाखान्यात नर्स होती आणि रात्रपाळी सुटल्यावर गावाकडं यायला तिला वाहनासाठी तासन्‌तास ताटकळावं लागे. संघपालनं बॉनेट उघडून पाहिलं, चाकं पाहिली, गाडीत बसून इंजिनाचा आवाज ऐकला. मग मागच्या डाव्या कोपऱ्याशी उकिडवा बसला आणि तिथल्या पोच्यावरून बोटं फिरवू लागला.

"साहेब, हे कशानं झालं?"

"काही नाही गुरुजी. फाटकाचा खांब घासला. बाकी गाडीला आजवर ओरखडा नाही."

"न्हाई, विचारून राह्यलो फक्त. अ‍ॅक्सिडेंटची असली तर भावात फरक पडतो."

"अपघात?" गिरिधररावांचा आवाज चढला. "खात्याच्या जीपपासून चाळीस वर्षं मी गाडी चालवतोय. अपघात माहीत नाही मला!"

ओट्यावर काठी धरून बसलेल्या रजनीकाकूंनी मान खाली घातली.

दिवाळीच्या तोंडावरची गोष्ट. गिरिधरराव गाडी मागे घेत अंगणात आणत होते आणि त्या नेहमीसारख्या फाटकापाशी उभ्या राहून "येऊ द्या, येऊ द्या" म्हणत होत्या. उभ्या होत्या डावीकडं. त्या "थांबा" म्हणून ओरडल्या तोवर गाडीनं त्यांना खांबाशी दाबलं होतं. मांडीचं हाड मोडलं. गिरिधरराव खाली उतरून धावत आले तेव्हा त्यांचा चेहरा असा पांढराफटक झाला होता, की काकू कळवळतच बोलून गेल्या, "पाय घसरून पडले हो मी." त्यांनी ते खरं मानलं. पुढं लोकांना तेच सांगू लागले, की हिला पडताना पाहून माझा ब्रेक चुकला आणि गाडी खांबाला घासली. मांडीत सळई घालून काकू घरी आल्या, तरी खरं काय ते त्यांच्या तोंडून निघालं नाही. मुकुललाही नाही.

आणि गिरिधरराव अजून सकाळी गाडी काढून बाजारात जात होते. ते परत येईपर्यंत काकूंचा जीव थाऱ्यावर नसे. रस्त्यानं शाळेची पोरं जात असत.

"दोन लाख दहा हजार," गिरिधरराव म्हणाले. "एक रुपया कमी नाही."

"साहेब, मी जालन्यात चार ठिकाणी विचारून आल्तो. ह्या सालाची गाडी एक साठच्या वर जात न्हाई. तुम्ही बराबर ठेवली म्हणून मी एक सत्तर देतो. बिलकुल वाजवी सांगून राह्यलो."

"मग जालन्यातच घ्या."

संघपालनं बायकोकडं पाहिलं. प्रिया हळूच म्हणाली, "चला मंग." दोघं चपला घालू लागले.

काकूंना समोर दिसलं, की हेही जाणार. उद्या सकाळी गाडी पुन्हा फाटकाबाहेर पडणार. त्या काठी टेकत उठल्या.

"थांबा गुरुजी. ह्या गाडीला अपघात झालाय."

"रजनी, काय बोलतेस?"

"मी घसरले नव्हते." त्यांनी काठीनं फाटकाकडं दाखवलं. "मी खांबापाशी उभी होते. तुम्हाला दिसले नाही."

प्रियानं पुढं होऊन काकूंचा दंड धरला. गिरिधररावांनी आधी गाडीकडं पाहिलं, मग बायकोच्या पायाकडं.

"दिसली नाहीस," ते म्हणाले. विचारल्यासारखं नाही, नुसतंच.

संघपाल अवघडून गेला. "साहेब, मी भाव पाडणार न्हाई. बोललो तेवढेच देतो."

"अपघाताची गाडी आहे," गिरिधरराव म्हणाले. "एक साठच द्या."

"पण साहेब—"

"वाजवी तेच घ्यावं माणसानं."

सौदा झाला. आठवड्याभरात कागदपत्रं होऊन गाडी वाटूरला गेली. काकूंना वाटलं होतं, आता हे रागावतील, चार दिवस बोलणार नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. सौदा झाला त्या रात्री त्यांनी एवढंच विचारलं, "फार दुखलं होतं का गं?" आणि उत्तराची वाट न पाहता भिंतीकडं तोंड करून झोपले. पाठ गदगदत होती. काकूंनी हात ठेवला, तरी ते वळले नाहीत.

मग हा माणूस मिटतच गेला. बाजार बंद, स्टेशनापर्यंतचा फेरफटका बंद. भाजीवाल्याशी घासाघीस करणं हा त्यांचा आवडता खेळ. तोही सुटला, सांगेल तो भाव देऊ लागले. मुकुल येऊन म्हणाला, "बाबा, आता पुण्याला चला." परतूर सोडायचं नाव काढलं तरी भडकणारे गिरिधरराव बायकोकडं पाहून म्हणाले, "तू म्हणशील तसं."

उभ्या संसारात त्यांनी हे वाक्य कधी उच्चारलं नव्हतं. रजनीकाकू स्वयंपाकघरात गेल्या आणि पदर तोंडात कोंबून रडल्या. नवऱ्यानं एकदा तरी नाही म्हणावं, हट्ट धरावा, भांडावं, म्हणून त्या बराच वेळ कानोसा घेत राहिल्या. बाहेर मुकुल एकटाच बोलत होता.