गाय देणाऱ्याची शपथ

न्यायाधीशांनी चष्मा पुसला. गाय न पिळताच मुकारुतामू साक्षीसाठी घरातून निघाली होती.

देशाचं कायद्याचं पुस्तक: वंशसंहाराची विचारसरणी बाळगल्यास दहा ते पंचवीस वर्षं कैद.

खटल्यावर अहवाल लिहायला जिनिव्हाहून आलेल्या मानवाधिकारवाल्या वकीलबाईच्या पिशवीतलं दुसरं पुस्तक: नुसत्या शब्दांसाठी कोंडू नका, द्वेष भडकवायचा हेतू होता का, ते आधी सिद्ध करा.

गेल्या वर्षी मुकारुतामूच्या दाराखालून आलेली चिठ्ठी: ‘काम अर्धवट राहिलंय.’ लिहिणाऱ्याला याच कायद्यानं तुरुंगात टाकलं, तेव्हा कुठे तिला झोप लागली.

ती तुत्सी. आरोपीच्या कठड्यात बसलेला बहात्तर वर्षांचा सेबाझुंगू हुतू. हे दोन शब्द आता त्यांच्या टेकडीवरच्या गावात कुणी उच्चारत नाही.

एप्रिलच्या स्मरणसभेत लोक संहारात मारल्या गेलेल्या आपापल्या तुत्सी माणसांची नावं घेत होते. सेबाझुंगू उठला, टोपी काढली आणि म्हणाला, “माझीबी पोर मेली. तिचं नाव मी कुठं घ्यायचं?” त्याची उवेरा आठ वर्षांची असताना कांगोच्या जंगलात गोळी लागून गेली होती. गोळी आताच्या सरकारच्याच फौजेची, हे तो बोलला नाही. न बोललेलंच सगळ्यांना ऐकू गेलं. पुढच्या बाकावरच्या अधिकाऱ्यानं वहीत लिहून घेतलं, आणि त्यावरूनच हा खटला उभा राहिला.

मुकारुतामू त्याच्या बाजूनं साक्ष द्यायला आली होती. संहाराच्या दिवसांत याच माणसानं आपल्याला केळीच्या मळ्यातल्या खड्ड्यात एकोणीस दिवस लपवलं, हे तिनं सांगून टाकलं. सरकारी वकिलानं विचारलं, त्याच्या बोलण्यानं तुम्हाला काहीच वाटलं नाही?

“दुखलं की. त्या दिवशी दुसऱ्याचं नाव सोसत नाही मला. पण मला दुखलं म्हणून तो गुन्हेगार कसा, साहेब?”

खोलीत खसखस पिकली. न्यायाधीशांनी विचारलं, हे सगळं खरं सांगताय ना?

“गाय देणाऱ्याची शपथ!”

टेकडीवर ही शपथ दिवसातून दहा वेळा निघते. मीठ महागलं तरी निघते. ज्यानं गाय दिली त्याचं घर आपलं होऊन जातं, नातवंडांपर्यंत. त्याच्या नावानं खोटं बोलत नाहीत. सरकारी वकीलही याच शपथेवर वाढला होता. तो सावकाश उठला.

“कुणी दिली तुम्हाला गाय?”

सेबाझुंगूनं डोळे मिटले.

मुकारुतामूच्या लक्षात आलं. पण शपथ तोंडातून गेली होती, आता खोटं कसं बोलायचं?

“यांनीच. सात वर्षं झाली. माझ्या घरात काही नव्हतं तेव्हा.”

वकिलानं वाक्य पुन्हा म्हणवून घेतलं, म्हणजे कारकुनाला नीट उतरवता येईल. साक्षीदारानं आरोपीकडून लाभ घेतला आहे. साक्ष बाद.

पंधरा वर्षं.

शिपाई त्याला नेत असताना ती आडवी गेली. तो थांबला.

“खोटं बोलायचं होतंस एवढं एक,” ती म्हणाली, पण स्वतःलाच.

“येडी का तू?” तो म्हणाला. “जा, दूध काढ. सड दुखत असतील तिचे.”

बाहेर वऱ्हांड्यात जिनिव्हाची बाई दुभाष्याला घेऊन वाट बघत होती. निकाल आंतरराष्ट्रीय मानकांत बसत नाही, असं ती म्हणाली. हा कायदाच रद्द व्हावा, एवढं तुम्ही सांगितलंत तर अहवालाला वजन येईल.

“रद्द? मग चिठ्ठीवाला सुटून माझ्या दारात येईल, तेव्हा तू येशील का राहायला?”

दुभाष्यानं हे जरा मवाळ करून सांगितलं. तरी बाईचं पेन थांबलं.

“मग तुम्हाला हवंय तरी काय?”

“चिठ्ठीवाला आत आणि म्हातारा बाहेर.”

बाईनं पानं उलटून पाहिली. मग पेनाला टोपण लावलं.

अहवाल निघाला. त्यात मुकारुतामूचं नाव ‘साक्षीदार ब’ असं आहे, आणि तिचं एकही वाक्य नाही.

एप्रिल १९९४ मध्ये, एकोणीस दिवस, खड्ड्यापाशी उकडलेलं रताळं घेऊन येणारी उवेरा होती. ती पाच वर्षांची होती.