पुतळाचा नकार

“श्वास रोखा,” असं सांगून सोनोग्राफीच्या डॉक्टर पुन्हा त्याच जागी थांबल्या.

“काय झालं? चांगली हाय ना माजी किडनी? भावाला द्याची हाय,” पुतळा पडल्यापडल्या म्हणाली.

डॉक्टरांनी मशीन बंद केलं आणि तिला समोर बसवलं. तिच्या भावाच्या, धर्मराजच्या, मूत्रपिंडांत आणि यकृतात पाण्याच्या गाठी होत्या. तशाच गाठी पुतळाच्याही मूत्रपिंडांत निघाल्या. अजून लहान होत्या. पोट फुगून वारलेल्या आईकडूनच हा आजार दोघांना आला असावा.

“म्हंजे माजी चालनार नाय?”

“नाही. खरं तर त्यांना लिव्हर आणि किडनी दोन्ही एकदम बदलायला हवं. तसं ऑपरेशन आपल्या हॉस्पिटलात होत नाही, आणि बाहेर लिव्हर मिळेपर्यंत ते थांबू शकणार नाहीत. तुमच्या किडनीवर थोडे दिवस तरी निघाले असते.”

“त्याला नका सांगू. माजी काळजी करीत जाईल. त्याच्या बायकोला मी सांगन, मागून.”

“तुमच्या आणि त्यांच्या मुलांनाही तपासावं लागेल.”

“तेबी बघन.”

पुतळा सारसोळे गावची कोळीण, नेरूळच्या बाजारात मासळी विकायची. आई गेली तेव्हा धर्मराज रांगत होता. त्याला तिनंच वाढवलं. आता तो बेलापूरच्या एका कचेरीत शिपाई होता.

ती वॉर्डात आली तेव्हा तो उठून बसला. “कधी करतान आपरेशन?”

“मी नाय देत,” पुतळा म्हणाली. “मना भ्या वाटतं.”

“रगत जुळलं तवा नाय वाटलं भ्या?” त्याची बायको प्रेमला म्हणाली.

धर्मराज भिंतीकडे तोंड करून पडला.

गावात बातमी पसरली. बाजारात चांगुणाबाई तिच्या शेजारची जागा सोडून पलीकडे बसू लागली. पुतळा रोज बिनमिठाची पेज घेऊन जायची. प्रेमला वॉर्डाच्या दारातच डबा घ्यायची.

एका दुपारी प्रेमलाच बाजारात आली. “बोलावतान तुमाला.”

धर्मराजचे डोळे पिवळे झाले होते. त्यानं बहिणीचा हात धरला.

“बाय, बरं केलंस. तुजी पोरं लहान हाईत. भ्या कोनाला नाय वाटत? मनात ठेवू नको.”

“नाय ठेवत,” पुतळा म्हणाली.

त्याला झोप लागून मूठ सैल होईपर्यंत ती तशीच उभी राहिली.

त्याच आठवड्यात तो गेला. तेराव्यानंतर पुतळानं प्रेमलाला सगळं सांगितलं. मुलांना तपासायला कधी न्यायचं, तेही ठरवलं. प्रेमला मान खाली घालून ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुतळा मासळीची पाटी डोक्यावर घेऊन निघाली, तर प्रेमला रस्त्यात उभी होती. तिनं पाटी उतरवून स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि बाजाराच्या दिशेनं चालू लागली. पाटीतलं पाणी तिच्या पांढऱ्या लुगड्यावर ओघळत होतं. पुतळा मोकळ्या हातांनी तिच्या मागून चालत राहिली.