सतरा नंबरचा डबा

प्रयोगशाळेत तिला सगळे मातीबाई म्हणत. अठरा वर्षं ती गावोगावची माती वाळवत, चाळत, डब्यांत भरत आणि शिशाच्या जाड पेटीत बसवलेल्या यंत्रावर मोजत आली होती. नवख्यांना ती पहिल्याच दिवशी सांगे, मातीत किरणोत्सर्ग असतोच. पोटॅशियम, थोरियम, युरेनियम ही जन्मजात मंडळी. सिझियम मात्र माणसाचा उद्योग. जुन्या अणुचाचण्यांमधलं जिथेतिथे चिमूटभर सापडतं.

सतरा नंबरच्या डब्यात ते चिमूटभर नव्हतं. बाकीच्या डब्यांच्या चाळीसपट होतं. माती होती शाळेमागच्या मैदानातली, भंगाराच्या वखारीला लागून.

प्रमुखांनी तक्ता पाहिला आणि चष्मा काढून ठेवला.

"हा आकडा वगळा. यंत्राची चूक असेल."

"यंत्र सकाळीच तपासलंय."

"मग डबा खराब. परवा अहवाल वर जायचाय. एका डब्यापायी गावाची झोप कशाला उडवायची?"

"उडायलाच हवी, साहेब. पोरं खेळतात तिथे."

दुसऱ्या दिवशी ती न विचारता गाडी घेऊन मैदानावर गेली आणि तिने पाच ठिकाणी थराथराने खणलं. चाचण्यांचं सिझियम वरच्या थरातच चिकटून राहतं. सोबत नेलेलं हातातलं यंत्र खड्ड्यात धरलं, तर इथे ते हातभर खोल होतं. म्हणजे माती कुणीतरी आणून ओतली होती.

"बाई, नोकरी जड झालीय का?" चालकाने विचारलं.

"जड झाली असती तर घरी बसले असते. ती पिशवी धर."

रात्री जेवताना नवरा म्हणाला, "साहेबाशी वाकडं घेऊन काय हाती लागणार?"

सासूबाईंनी आयुष्यभर शिवणकाम केलं होतं, बोलणंही कात्रीसारखं. "अहवालावर सही कुणाची लागते गं?"

"माझी, आई."

"मग अडलंय त्यांचं. तू कशाला मान खाली घालून जेवतेस?"

अहवालाच्या दिवशी तक्त्यात सोळानंतर थेट अठरा होता. मातीबाईने पेन काढलं, मधल्या जागेत सतरा नंबर आकड्यासकट लिहिला, खाली मैदानाचे पाच नवे नमुने जोडले आणि सही ठोकली.

"असाच जाईल. नाहीतर दुसऱ्या कुणाची सही घ्या."

मोजणीचा परवाना दुसऱ्या कुणाकडे नव्हता, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"याचे परिणाम होतील," प्रमुख म्हणाले.

"होऊ देत. तेही मोजेन."

अहवाल गेला. आठवड्याभरात मैदानाला कुंपण पडलं. मातीखाली कारखान्यातल्या, सिझियम भरलेल्या जुन्या मापकाचं फुटकं कवच सापडलं, आणि माती पिंपांत भरून हलवली गेली. परिणामही झालेच: मातीबाईची बदली सामानाच्या खोलीत झाली. रिकामे डबे नि चिकटपट्ट्या मोजायच्या.

मग एका सोमवारी आसपासच्या आया आपापल्या अंगणातली माती पिशव्यांत घेऊन दारात आल्या. तिच्या जागी यंत्रावर आलेली, नुकताच परवाना मिळालेली नवी मुलगी गांगरली. मातीबाईने खोलीला कुलूप लावलं, पदर खोचला आणि सरळ यंत्राकडे निघाली. दारात प्रमुख उभे होते.

"तुम्हाला परवानगी कुणी दिली?"

"कुणीच नाही. जरा सरका साहेब, बायका खोळंबल्यात."

त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा बाहेरच्या रांगेकडे, आणि ते सरकले. संध्याकाळपर्यंत अकरा पिशव्यांची माती ताटल्यांत वाळत पडली होती.