बापाच्या रागाचा वास

लोरेटा सिल्वेराच्या कोठारात चाळीसएक माणसं नाकाला रुमाल लावून उभी होती, आणि एकही बाहेर जायला तयार नव्हतं. मधोमध काचेचा बुधला, त्यात लोरेटाने घरी केलेली झिनफँडेल. त्या वाइनला सडक्या अंड्यांचा असा वास येत होता की तिच्या कुत्र्यानेही मुक्काम रस्त्यापलीकडे हलवला होता. बुधल्यापुढे बिघडलेली वाइन सुधारत गावोगाव फिरणारा बुवा, ब्रदर ऑरियन, अनवाणी, पांढऱ्या कपड्यांत. हातात आकाशातून पडलेल्या धातूची काळपट पळी.

"वाइन मरत नाही, मित्रहो! वाइन रुसते!" असं म्हणत तो पळीने ढवळू लागला. "हिचा क्षोभ मी माझ्या अंगावर घेतोय..."

क्षोभ बराच असावा, कारण तो लटपटला. दोघीतिघी खुर्ची घेऊन धावल्या. मग त्याने पेले भरून फिरवले. वास गेला होता! चेरीचा, मिरीचा सुगंध येत होता. कोठारात कुणाला तरी हुंदका फुटला. तो माझाच होता.

मी वेंडेल. नोकरीची सगळी वर्षं मी विमा कंपनीत लोकांचे दावे तपासण्यात घालवली. गारपिटीने छप्पर फुटलं म्हणून रडणाऱ्या बाप्यांपुढे मी कधी विरघळलो नाही. शिडी लावून वर चढलो. निवृत्तीनंतर वाइनचा नाद लागला. नापा-सोनोमाच्या खोऱ्यांतल्या वाइनऱ्या पालथ्या घातल्या, शनिवार-रविवारचा एक कोर्स केला आणि आमच्या लोडाय गावच्या हौशी वाइन-मंडळात तज्ज्ञ म्हणून वावरू लागलो. सल्ला कुणाला मागावाच लागत नसे.

"हा वास नाही," पेले रिकामे झाल्यावर ऑरियन अजून घाण मारणाऱ्या पिंपाकडे बोट दाखवत लोरेटाला म्हणाला. "हा राग आहे. या वेली कुणी लावल्या?"

"बाबांनी."

"आणि उपटायचं कुणी ठरवलं?"

लोरेटा मटकन पिंपावर बसली. आमच्याकडे द्राक्षांना गिऱ्हाईक उरलेलं नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. वेली हिवाळ्यात निघणार होत्या. हा शेवटचा हंगाम, म्हणून भावंडांना वाटायला तिने ही वाइन केली होती.

"बाबा माझ्यावर रागावलेत?"

"फार," ऑरियन म्हणाला. रविवारी तिने सगळ्यांसमोर बापाची माफी मागायची, मग तो उरलेलं पिंप शांत करणार, असं ठरलं.

त्यानंतर लोरेटाचं जेवणखाण सुटलं. बाजारात भेटली तेव्हा ओळखू येईना. "शेवटच्या आजारात मीच भरवत होते रे त्यांना," ती म्हणाली. "तेव्हा माझा हात धरून झोपायचे. वेली काढाव्या लागतील हेही सांगितलं होतं, तर 'बरं' म्हणून मान हलवली होती. मग आता का रागावले?"

मी गंभीर चेहऱ्याने म्हणालो, "स्पंदनं फार गुंतागुंतीची असतात." हे वाक्य आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

लोरेटाच्या पिंपातली बाटलीभर वाइन मी घरी आणली होती. म्हटलं, ऑरियनची विद्या आपणही शिकून घ्यावी. स्वयंपाकघरात अनवाणी उभा राहून लाकडी चमच्याने ढवळू लागलो.

"वेंडेल, मोजे घाल," माझी बायको मार्नी म्हणाली. "आणि हे काय चाललंय?"

"शूः! क्षोभ अंगावर घेतोय."

"घे बापडा, पण खिडकी उघडून घे."

क्षोभ काही उतरेना. घरातले सगळे काचेचे पेले घाण मारू लागले, तेव्हा उरलेली वाइन मी व्होडका-जिंजर पिण्याच्या तांब्याच्या मगात ओतली. ती ओतून टाकायला मग उचलला, तर मार्नीने तो हुंगला. पुन्हा हुंगला.

"वास गेलाय की!"

"पोचली माझी स्पंदनं!"

"तुझी स्पंदनं त्या चमच्यात होती. हा मग तांब्याचा आहे." तिने गॅरेजमधून तांब्याच्या नळीचा तुकडा आणला, घासून दुसऱ्या पेल्यात फिरवला. तिथलाही वास गेला. "त्या बुवाच्या पळीची कड कशी होती रे?"

कड लालसर चकचकीत होती. पाहिली होती मी.

"जन्मभर लोकांची छपरं तपासलीस," मार्नी म्हणाली, "आणि एक पळी तपासता आली नाही?"

रविवारी लोरेटा माफीसाठी उठली, तेव्हा मार्नी तिच्याआधी पुढे झाली. तिने दोन पेले मांडले. एकात ऑरियनने लाकडी चमच्याने सगळे मंत्र म्हणायचे. दुसऱ्यात मी तांब्याची नळी फिरवत गारपीट विम्याच्या अटी म्हणायच्या. नाही म्हटलं तर पंचाईत, म्हणून ऑरियन तयार झाला. त्याच्या पेल्याचा वास तसाच राहिला. माझ्या पेल्यातून चेरीचा सुगंध आला.

"अविश्वासाने ऊर्जा उलटली!" ऑरियन ओरडला.

"बरं, मग लिंबू-मिठाने पळी तरी सुलट करू," म्हणत मार्नीने पळी घासली. आकाशातला धातू गुलाबी होऊन निघाला. पोरंसोरंही हसायला लागली. ऑरियन चपला न घालताच व्हॅनकडे गेला.

लोरेटा मात्र हसली नाही. "मग वास आला कुठून?"

"रस आंबवणारं यीस्ट उपाशी राहिलं की तसला वायू सोडतं," मार्नी म्हणाली. "तांबं तो वायू पकडून ठेवतं. तू रसात यीस्टचं खाद्य घातलं होतंस ना?"

"नाही. नैसर्गिक वाइनला असलं काही लागत नाही, असं वेंडेल म्हणाला. त्याने कोर्स केलाय."

चाळीस माना माझ्याकडे वळल्या.

"लोरेटा," मी म्हणालो, "तुझे बाबा रागावले नव्हते. मी गाढव आहे."

"इतके दिवस मी बाबांपुढे रडतेय, वेंडेल!" तिने हातातला टॉवेल माझ्या डोक्यावर हाणला, आणि मग त्याच टॉवेलात तोंड खुपसून हसली की रडली, कुणाला कळलं नाही. संध्याकाळी ती पोटभर जेवली, हे मात्र मी पाहिलं.

पिंपाची वाइन आम्ही प्रयोगशाळेत दाखवून, मोजून-मापून सुधारली. जास्त तांबं पोटात गेलेलं बरं नव्हे. आता मला एवढंच म्हणायचंय. चमत्कार दिसला तर डोळे पुसा आणि शिडी लावून वर चढा. काय घातलं, काय राहून गेलं, ते जिवंत माणसांना विचारा, माझ्यासारख्या तज्ज्ञांना तर आधी. आणि कुणी मेलेल्या माणसाच्या वतीने बोलू लागला, तर दुप्पट सावध व्हा; कारण ते बिचारं माणूस परत येऊन 'मी असं कधी म्हटलंच नव्हतं' असं सांगू शकत नाही.