पाठीवरचा पंजा

"कपाटात नाही, दोरीवर नाही. गेला कुठं सदरा? पाय फुटले का त्याला?"

रंगाऱ्यानं गादी पुन्हा उलटी केली. मोरीतली बादली उपसली, सायकलची पिशवी झटकली, पुसायच्या चिंध्यांचा डबा जमिनीवर ओतला.

चहा गाळता गाळता बायको म्हणाली, "पाय कशाला हवेत? रंगानं एवढा ताठ झाला होता, आपला आपण उभा राहायचा."

"होता? होता का म्हणतेस?"

ती साखर ढवळत बसली. ही बाई गप्प झाली की समजावं, काहीतरी शिजतंय.

"तो नवा घाला की. पडून पडून पिवळा पडला."

"त्यात हात वर होत नाही."

"जेवताना बरा होतो वर."

रंगारी पुन्हा दारापर्यंत गेला, परत आला, झटकलेली पिशवी पुन्हा झटकली. बाही गेली असती तरी चाललं असतं. कॉलरवर शाळेचं छत होतं, खिशावर कुणाच्या तरी जिन्याचा कठडा, तेही गेलं तर गेलं. पण पाठीवर लंबूचा पंजा होता.

लंबू त्याचा जोडीदार. शिडीशिवाय छताला पोचणारा, आणि खोड्यांत रंगाऱ्याचाही बाप. दवाखान्याची दारं रंगवताना एकदा त्यानं अख्खा तळवा हिरव्या ऑइलपेंटात बुडवला आणि "वा रे पठ्ठ्या, काय हात आहे तुझा" म्हणत पाठीवर थाप मारली. रंगारी खूश. तसाच बाजारभर हिंडला. लोक का हसतायत ते घरी आल्यावर कळलं. दुसऱ्या दिवशी त्यानं लंबूच्या चपला सरसानं फरशीला चिकटवून टाकल्या.

त्याच थंडीत लंबू तापानं गेला. फोटो एकही नाही. राहिला तो पंजा. धुऊन धुऊन कापड विरलं, पाची बोटं तशीच. शिडीवर वाकलं की तेवढा भाग अंगाला टोचायचा, आणि रंगारी मागं न बघता म्हणायचा, "हात काढ, मेल्या."

गच्चीतून लेक खाली आली. हात पाठीमागं.

"बाबा, डोळे मिटा."

"मिटले."

"फटीतून बघताय."

तिनं घडी उलगडली. पांढरा सदरा, कडक इस्त्री. हा मुळात पांढरा होता हेच रंगारी विसरला होता.

"एक डाग शोधून दाखवा," ती म्हणाली. "परवा तुम्ही सांगत होतात ना, त्या बंगलेवालीनं आधी खुर्चीवर पेपर पसरला, मग बसा म्हणाली. तुम्ही हसत होतात. मला नाही आलं हसू. काल तुमची सुट्टी होती, मी दिवसभर हा घेऊन गच्चीतच बसले. आता पसरू दे पेपर."

रंगाऱ्यानं सदरा उलटा केला. पाठ कोरी.

"जुना रंग निघतो कसा पण?"

"रिमूव्हर लावायचं, दम धरायचा, बोथट पट्टीनं हळूच उतरवायचं. दारांचा रंग उतरवायला तुम्हीच नाही का शिकवलंत?" दुसऱ्या कुणाच्या लेकीला हे जमलंच नसतं. "पाठीवरचा हिरवा मात्र फार चिवट. सोडतच नव्हता. शेवटी आज पहाटे नखांनी काढला, पुन्हा धुतला."

त्यानं तिची बोटं बघितली. टोकं लाल, सालटी निघालेली.

तो एखादा विनोद शोधायला लागला. एरवी ढिगानं सापडायचे. आज दुकानच बंद. लेक तोंडाकडे बघत उभी.

"नाही आवडला?"

"आवडला गं. पण आता मला रंगारी कोण म्हणेल? फाटकावरचा माणूस सलाम ठोकून वर पाठवेल, आणि काम राहील बाजूला."

लेक हसली. हसतच पायांवर पाणी घ्यायला मोरीत गेली.

त्यानं सदरा चढवला. बटणं लावताना एक भोक चुकलं. बायकोनं ते नीट केलं, मागं जाऊन सुरकुती काढायला हात फिरवला, आणि तिचा हात दोन खांद्यांच्या मध्ये थांबला. लंबूला तिनंही कितीदा वाढलं होतं.

"मी कॉलरपुरतंच म्हटलं होतं तिला," ती हळू आवाजात म्हणाली.

"राहू दे. तिच्यापाशी बोलू नकोस."

"इथं इस्त्रीनंही सुकलं नाही. ओलं आहे अजून."

"वाळेल अंगावर."

त्यानं डबे सायकलला अडकवले आणि निघाला. वारा होता. कोपऱ्यापर्यंत पाठीवर तेवढाच भाग गार लागत होता. मग वाळला.