चार वर्षांचं हुमण

गौरवीने पक्कडीत खिळा धरला आणि हलकेच बाहेर ओढला. पिंपाच्या तोंडावरच्या त्या खिळ्याएवढ्या भोकातून तांबूस धार उडाली ती नेमकी सुमंगलाने धरलेल्या काचेच्या पेल्यात, कोपात. अर्धा कोप भरला तसा गौरवीने खिळा परत दाबून बसवला, भोवतालचा ओलावा बोटाने पुसला आणि बोट चाटलं.

"उजेडात धरा काकी. रंग बघा."

सुमंगलाने कोप खिडकीपाशी नेला. काकवीत कुणी आमसुलं पिळावीत तसा रंग होता. रंग बघण्यात जेवढा वेळ घालवता येईल तेवढा तिला हवाच होता, म्हणून तिने कोप फिरवून फिरवून बघितला. रंग कळायला डोळे लागतात आणि डोळे तिचे शाबूत होते.

ही शेड तिच्या नवऱ्याच्या, सगुणच्या ट्रकची. गोव्यातल्या खाणी बंद पडल्या, ट्रक विकला गेला आणि सर्वणच्या त्या आवाठात, वाडीत, एवढं मोठं पत्र्याचं छप्पर नुसतं पालींसाठी उरलं. दोन वर्षांपूर्वी इब्रामपूरची ही मुलगी ते बघायला आली. पुण्यात शिकलेली, बोलायला गोड, डोक्यात मात्र भलतंच खूळ: बिअर करायची, तीही आंबट. बेल्जियम देशातले फ्लेमिश लोक अशी करतात म्हणे. लाकडी पिंपात वर्ष-दीड वर्ष मुरवतात आणि मग जुनी न् नवी एकत्र करून बाटलीत भरतात. "आंबली ती फेकायची सोडून पितत?" असं सगुणने विचारलं होतं, पण शेड दिली.

आणि आज त्या मुलीला चाखायला सुमंगला हवी होती. तिला कुणीतरी सांगितलं होतं, सर्वणच्या सुमंगलाकाकीच्या तोंडात आमसूल घाला, ह्या वर्षीचं की गेल्या वर्षीचं ते ती सांगते. खोटं नव्हतं ते. देवळातल्या जेवणावळीत खतखत्याच्या, त्या मिसळीच्या भाजीच्या टोपापाशी तिला मानाने उभी करत. पण ती गोष्ट तापाच्या आधीची.

चार वर्षांपूर्वी गावभर तो ताप आला, तसा तिलाही आला. ताप गेला, खोकला गेला आणि जाताना चव न् वास दोन्ही घेऊन गेला. आज येईल, उद्या येईल म्हणून तिने वाट बघितली, मग वाट बघणंही सोडलं. सांगितलं कुणालाच नाही. काय सांगणार? ज्या जिभेवर उभा जन्म मिरवली तीच मेली म्हणून? गुडघे दुखतात असं सांगून तिने देवळातल्या रांधपातून अंग काढून घेतलं. घरात लपवणं सोपं होतं. चुलीवरचं उष्टं करायचं नाही, ही सासूची शिस्त. त्या घरात न चाखताच रांधत. हाताला माप होतं आणि हात आपलं काम करत होता असं तिला वाटे. नाहीतर सगुणने नाव ठेवलं नसतं? लग्नानंतरची अठ्ठावीस वर्षं ज्याने एक दिवसाआड मीठ कमी, आंबट जास्त अशी किरकिर केली, तो माणूस हल्ली पहिल्या घासालाच "बरां झालां हां" म्हणत होता. वय झालं की माणूस निवतो. लेक सेजलही गुणाची. हरमलहून माहेरी आली की, "आई, तू बस गो, मी रांधतंय," म्हणून तिला चुलीपाशी उभी राहू देत नसे. सुख सुख म्हणतात ते आणखी काय असतं.

"घ्या काकी," गौरवी म्हणाली. "हे धाकटं पिंप. सहा महिन्यांचं."

"आमी बायलांनी कसली गो बिअर पियाची."

"पोटात दुखलं की चमचाभर फेणी चालते ना? तसंच समजा."

सुमंगलाने घोट घेतला. तोंडात काहीतरी गार आलं, जिभेवर जरा चुरचुरलं आणि खाली गेलं. पाणी प्यायल्यासारखंच.

"बरी आसा," ती म्हणाली. चार वर्षांत हे दोन शब्द तिच्या तोंडात बसून गेले होते.

गौरवीने मान हलवली, पण तिचं लक्ष दुसऱ्या पिंपाकडे होतं. तिथेही तिने खिळा ओढला, दुसरा कोप भरला आणि लगेच हातात दिला नाही.

"हे थोरलं. दीड वर्ष झालं. काकी, खरं सांगते, ह्याची मला भीती वाटते. जरा जास्तच आंबलंय असं वाटतं. गेले आठ दिवस इतकं चाखलंय की माझी जीभ लाकूड झालीय, काही कळत नाही. नासलं असेल तर आज सगळं गटारात ओतणार. तुम्ही म्हणाल ते."

सुमंगलाचा हात पुढे झाला होता तो तिथेच थांबला. घरात खोटं बोलणं वेगळं, तिथे तिचं तीच रांधत होती. इथे ह्या पोरीची दीड वर्षं होती. रोज सकाळी येऊन पिंपांवर कान ठेवून ऐकताना सुमंगलाने तिला बघितलं होतं.

"बाय, माका इचारू नको," ती म्हणाली. "माका चव कळत नाय."

गौरवीला आधी ती थट्टा वाटली.

"खरां सांगतंय. त्या तापापासून. चार वर्सां झाली. वासही येणा नाय."

"सगुणकाकांना माहीत आहे?"

"नाय. कोणाकच नाय. तुकाच पयलां सांगतंय."

बोलून झाल्यावर तिला फार लाज वाटली आणि लाजेच्या मागोमाग हलकंही वाटलं. गौरवीने हळहळ केली नाही, औषधं सुचवली नाहीत. तिने उलट्या घातलेल्या खोक्यावर काकीला बसवलं आणि कोप तिच्या हातात दिला.

"मग जीभ राहू दे. मला दाढांचं सांगा. आंबट दाढांना आधी कळतं. तोंडात धरा, गिळू नका, आणि गालाला बोट लावून बसा."

सुमंगला बसली. घोट तोंडात, बोट गालाला. शाळेत गप्प बसवलेल्या पोरीसारखी आपण दिसत असणार, असं तिच्या मनात आलं. आणि मग कानाखाली, जबड्याच्या बिजागरीत काहीतरी ओढलं गेलं. लहानपणी मीठ लावून बिंबलाचं आंबट फळ चावल्यावर ओढलं जायचं तसंच. तोंडाला पाणी सुटलं.

ती हलली नाही. पाण्याबरोबर जिभेच्या कडेला काहीतरी जागं होत होतं. आंबट. नुसतं टोचणं नव्हे, आंबट. मग त्याच्या आडून थोडं गोड, थोडं तुरट, ओल्या लाकडाचं, आणि अगदी शेवटी उन्हात वाळत घातलेल्या कोकमाच्या सोलांचा वास. तिला इतका आनंद झाला की गिळायची भीती वाटली. गिळलं तर जाईल. शेवटी गिळलं आणि ते गेलं नाही. डोळ्यांतलं पाणी ओठावर आलं, तेही तिने चाटलं. खारट होतं.

"काकी?"

"ह्या आंबट आसा गो."

"जास्त?"

सुमंगलाने दुसरा घोट घेतला, तिसरा घेतला. डोळे मिटून, सावकाश, जुन्या सवयीने.

"नासूक नाय. नासलेलां घशात टोचता, ह्या दाढेत ऱ्हवता. पण एकटां पडलां. सोलांच्या पाण्यात नारळाचो रस नाय घातलो तर कसां लागात, तसां. ता धाकटां हाड बघू."

धाकट्याच्या कोपातला एक घोट तिने चाखला. आता तो गोड लागला, अगदी बालिश गोड. तिने एका कोपात दोन्ही ओतलं, चाखलं, आणखी ओतलं. "थोरल्याचे तीन वाटे, धाकट्याचो एक," असं म्हणून तिने कोप पुढे केला. गौरवीने तो एका दमात रिकामा केला.

"मी ओतून देणार होते," ती मग म्हणाली. तिने वाकून काकीच्या पायांना हात लावला.

"माझ्या पायां कित्याक पडतंस? त्या पिंपाच्या पड. मीही पडतंय."

आणि खरोखरच सुमंगलाने पिंपाला हात लावून तो कपाळाला लावला.

घरी येताना अंगणात वाळत घातलेल्या सोलांपाशी ती थांबली. त्या वासाने छाती भरून आली. सगुणला कधी एकदा सांगते असं तिला झालं. पण तो कुळागरातून, माडा-पोफळींच्या बागेतून येऊन, हातपाय धुऊन पाटावर बसलाच होता. भुकेल्या माणसाला आधी वाढावं, मग सांगावं. सकाळीच करून ठेवलेलं बांगड्याचं हुमण, नारळाच्या वाटणातली आमटी, तिने दोघांच्या ताटांत वाढलं आणि चार वर्षांनी आपलंच हुमण चाखायला मिळणार म्हणून पहिला घास देवाचं नाव घेऊन तोंडात घातला.

मीठ. नुसतं मीठ. त्याच्याखाली आमसुलं अशी की दात आंबावेत, आणि तिरफळं इतकी की जीभ बधिर. शेजाऱ्याच्या मांजराने तोंड लावलं नसतं.

तिने वर बघितलं. सगुण भात कालवून घास घेत होता. दोन घास झाले की पाण्याचा घोट, पुन्हा दोन घास. तांब्या अर्धा झाला होता. तो हल्ली जेवताना दोन-दोन तांबे पाणी पितो, ते उन्हामुळे, असं ती समजत होती.

"बरां झालां हां," तो म्हणाला. "वाढ वायंच."

तिने वाढलं. चुलीपाशी येऊ न देणारी सेजल तिला आठवली. अठ्ठावीस वर्षांची किरकिर नेमकी कुठल्या महिन्यात थांबली, तेही आठवलं. म्हणजे सगळ्यांना कळलं होतं. फक्त तिला ते कळू दिलं नव्हतं. आपल्याला असा माणूस मिळाला, आणि आपण त्याला निवलेला म्हातारा समजलो.

सांगायचं ओठांवर आलेलं तिने परत आत ढकललं. ताटातलं हुमण तिने शेवटच्या शितापर्यंत खाल्लं. त्याने चार वर्षं खाल्लं होतं, आपण एक दिवस खावं.

दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा बांगडेच आणले. सासूच्या फोटोकडे पाठ केली आणि टोपातलं हुमण तळहातावर घेऊन चाखलं. एकदा नव्हे, तीनदा. मीठ जिथे थांबायला हवं तिथेच थांबलं होतं.

सगुणने पहिला घास घेतला आणि त्याचा हात ताटात राहिला. त्याने तिच्याकडे बघितलं. तीही त्याच्याकडे बघत होती.

"मीठ वायंच कमी पडलां गो," तो म्हणाला.

सुमंगला उठली. मिठाची बरणी आणून तिने त्याच्या ताटाच्या कडेला एक चिमूट वाढली आणि पदराने तोंड पुसत त्याच्यासमोर बसली. सगुण त्या दिवशी तीनदा भात घेऊन जेवला. त्याने हात धुतला तेव्हा पाण्याचा तांब्या भरलेला होता आणि मिठाची चिमूट ताटाच्या कडेला होती तशीच होती.