मास्तरांची साखर

तिने बाबांचा बटणांचा डबा जमिनीवर पालथा केला. शर्टाची पांढरी, कोटाची जाड काळी, लहान मुलींच्या फ्रॉकची रंगीबेरंगी. बिस्किटाचा कणसुद्धा नव्हता. शिलाई मशीनच्या खणात बॉबिनी, बोथट सुया आणि एक पांढरा तुकडा सापडला. तिने तो जिभेला लावला. कापडावर खुणा करायचा खडू निघाला. थू थू करत तिने चूळ भरली आणि तिला स्वतःचीच चीड आली.

बाबांवरचा संशय मात्र जाईना.

आई गेल्यापासून घरात दोघंच होती. बाबा म्हणजे गल्लीचे शिंपी, सगळ्यांचे मास्तर. त्यांची साखर वाढली तेव्हा तिने स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. अर्धं ताट भाज्यांचं, रोज मोड आलेली कडधान्यं, पाव बंद, चहा बिनसाखरेचा. "मला काय बकरी समजलीस?" म्हणत मास्तरांनी आधी तोंड वाकडं केलं. मग त्यांना त्याचा नादच लागला. कडधान्यं ते स्वतः भिजत घालू लागले. गिऱ्हाइकाच्या कमरेला टेप लावली, की मापाबरोबर खाण्यापिण्याचा सल्लाही फुकट.

एवढं करून दर तपासणीत साखर चढलेलीच. आणि तिने दुसऱ्या शहरातली नोकरी त्या साखरेवर टांगून ठेवली होती. "बाबांची साखर आटोक्यात आली की येते," असं तिने बाबांच्या देखतच तिकडे दोनदा कळवलं होतं. तिकडचे लोक आता थांबणार नव्हते. इमारतींचे नकाशे काढायचं काम होतं, ती जे शिकली होती तेच. ते हातचं गेलं तर आयुष्यभर कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात उभं राहणं आलं.

तिने समोरच्या बेकरीवाल्याला गाठलं.

"खरं सांगा काका, बाबा तुमच्याकडून गुपचूप काय नेतात?"

"मास्तर? अगं, ते माझ्याच दारात उभे राहून माझ्याच गिऱ्हाइकांना मैद्यावर भाषण देतात. आवर त्यांना, नाहीतर मला दुकानाला टाळं लावावं लागेल."

तो जरा जास्तच हसला असं तिला वाटलं. हाही सामील असणार.

तपासणीच्या सकाळी बाबा नेहमीसारखे एकटेच रक्त देऊन आले. या वेळी मात्र तिने लॅबवाल्या बाईंना आणखी एक तपासणी करायला आधीच सांगून ठेवलं होतं. संध्याकाळी दोघं लॅबमध्ये गेली. बाबा बाकावर टेकले, ती रिपोर्टच्या खिडकीपाशी गेली.

"आजची साखर चढलेली आहे," बाई म्हणाल्या. "पण तीन महिन्यांची सरासरी छान आलीय. इतकं नेटकं पथ्य फार थोडे जण पाळतात. आज सकाळी मात्र रक्त द्यायच्या आधी काहीतरी चांगलंच गोड पोटात गेलंय. रोज खात असते तर सरासरी अशी आली नसती."

तिला आधी संताप आला. मग तिने वळून बाबांकडे पाहिलं आणि तो कुठल्या कुठे गेला.

"चढलीच असेल ना?" बाबांनी विचारलं. आवाज काळजीचा काढला होता, पण डोळे आशेने तिच्या तोंडाकडे लागले होते.

ती त्यांच्या शेजारी बसली.

"बाबा, या वेळी तीन महिन्यांचं खाणं तपासलंय त्यांनी."

"म्हणजे?"

"रोज पथ्याचं खाता. फक्त तपासणीच्या सकाळी गोड."



"रक्तात एवढं सगळं कळतं होय?"

"कळतं."

"मग कधी निघतेस?"

तिने त्यांचा हात धरला. त्यांनी तो थोडा वेळ तसाच राहू दिला, मग हळूच सोडवून घेतला.

"जा तू," ते म्हणाले. "मी नीट खातो. हवं तर विचार त्या बाईंना."